जुना लॅपटॉप सुरू होण्यास फार वेळ घेतो: तो वेळ नेमका कुठे जातो?

निळीशाई

नमस्कार. माझ्याकडे सुमारे आठ वर्षे वापरात असलेला लॅपटॉप आहे. त्यात ८ जीबी रॅम, १ टीबी क्षमतेची ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. लेखन आणि मुद्रितशोधन एवढ्याच कामासाठी तो वापरते, त्यामुळे त्याच्याकडून फार वेगाची अपेक्षा नाही. मात्र पॉवरचे बटन दाबल्यापासून पहिली फाईल उघडेपर्यंत आता जवळपास सात मिनिटे जातात. पूर्वी हेच काम दोन मिनिटांच्या आत होत असे. एकदा सगळे स्थिरस्थावर झाले की यंत्र बऱ्यापैकी चालते; मोठी फाईल उघडताना मात्र ते मध्येच थिजते आणि काही वेळाने आपोआप पुढे सरकते.

न लागणारे प्रोग्राम काढून टाकले, तात्पुरत्या फाईली पुसल्या, अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी केली. फरक पडला नाही. जाणकारांकडून आतापर्यंत तीन सल्ले मिळाले आहेत: विंडोज नव्याने टाका, रॅम वाढवा, नवा लॅपटॉप घ्या. तिन्ही सल्ले एकतर खर्चाचे किंवा कष्टाचे आहेत, त्यामुळे त्यांपैकी एखाद्याच्या मागे लागण्यापूर्वी दुखणे नेमके कुठे आहे हे समजून घ्यावे, असे वाटते. ते घरच्या घरी शोधता येते का?

खटपट्या

सर्वांत आधी टास्क मॅनेजर उघडून 'स्टार्टअप' हा टॅब पाहावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर थेट उघडतो. लॉगिन होताच आपोआप सुरू होणारे प्रोग्राम तिथे दिसतात. मेसेजिंग, व्हिडिओ कॉल, प्रिंटरचे मदतनीस, निरनिराळे 'अपडेटर' यांपैकी रोज न लागणारे सर्व 'डिसेबल' करावेत. असे केल्याने प्रोग्राम काढला जात नाही, तो केवळ स्वतःहून सुरू होत नाही. टचपॅड, आवाज आणि अँटिव्हायरस यांच्या नोंदींना मात्र हात लावू नये.

निळीशाई

धन्यवाद. त्या यादीत 'हाय इम्पॅक्ट' असे लिहिलेले चार प्रोग्राम होते, ते बंद केले. शेवटच्या टप्प्यात थोडा फरक जाणवतो, पण एकूण वेळ अजूनही साडेसहा ते सात मिनिटांच्या घरातच आहे.

तारायंत्र

'हाय इम्पॅक्ट' या शब्दांना लोक उगाच घाबरतात. एखाद्या प्रोग्रामने सुरुवातीला प्रोसेसरचा एका सेकंदाहून अधिक वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीहून अधिक वाचन-लेखन केले, तरी विंडोज त्याला 'हाय' ठरवते. हा उंबरठा इतका खाली आहे की जवळपास कोणताही आधुनिक प्रोग्राम तो ओलांडतो. असे चार प्रोग्राम बंद करून सात मिनिटांची दोन मिनिटे होणार नाहीत, आणि तुमचा अनुभवही तेच सांगतो.

माझे मत असे की 'लॅपटॉप सावकाश सुरू होतो' ही तक्रार एक दिसत असली तरी तिच्यामागे चार निराळ्या तक्रारी असू शकतात. बटन दाबल्यापासून कंपनीचे बोधचिन्ह दिसत असेपर्यंतचा वेळ बायॉसचा किंवा यूईएफआयचा, म्हणजे विंडोजच्या आधी यंत्र जागे करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रामचा असतो. विंडोज तेव्हा सुरूच झालेली नसते, त्यामुळे विंडोजमध्ये कितीही साफसफाई केली तरी हा वेळ कमी होत नाही. त्यानंतर फिरणारे ठिपके दिसतात, तेव्हा कर्नल (विंडोजचा गाभा), ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्राम) आणि सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) डिस्कवरून मेमरीत येत असतात. पासवर्ड दिल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत तुमचे प्रोफाईल वाचले जाते. डेस्कटॉप दिसल्यावर यंत्र खरोखर कामाला लागेपर्यंतचा चौथा टप्पा असतो, आणि खटपट्या यांनी सांगितलेला उपाय केवळ याच टप्प्यासाठी आहे.

तेव्हा मोबाईलचे स्टॉपवॉच घेऊन हे चारही टप्पे वेगवेगळे मोजावेत. एक काळजी मात्र अवश्य घ्यावी: मोजणी 'शट डाउन'नंतर करू नये, 'रीस्टार्ट'नंतर करावी. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आहे. ती चालू असेल तर 'शट डाउन' करताना तुमचे सत्र बंद होते, पण कर्नलची स्थिती डिस्कवरच्या एका फाईलमध्ये जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत वाचली जाते. 'रीस्टार्ट'मध्ये ही पळवाट नसते, सर्व काही मुळापासून सुरू होते. दोन्ही प्रकारची मापे एकत्र केली तर त्यांतून कोणताच निष्कर्ष निघत नाही. (याच कारणाने, रोज 'शट डाउन' करूनही टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' कित्येक दिवसांचा दिसतो आणि लोक चक्रावतात.)

स्टॉपवॉचबरोबर विंडोजच्या स्वतःच्या दोन नोंदीही पाहाव्यात. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' टॅबमध्ये वर उजवीकडे 'लास्ट बायॉस टाइम' असा आकडा असतो; यूईएफआय पद्धतीने सुरू होणाऱ्या यंत्रांत तो दिसतो. दुसरी नोंद इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत आहे. तिथे 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', मग 'मायक्रोसॉफ्ट', मग 'विंडोज', मग 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' आणि शेवटी 'ऑपरेशनल' असे आत जावे. क्रमांक १०० ची नोंद उघडून 'डिटेल्स'मध्ये 'मेन पाथ बूट टाइम' आणि 'बूट पोस्ट बूट टाइम' हे आकडे टिपून घ्यावेत. पहिला आकडा डेस्कटॉप येईपर्यंतचा, दुसरा त्यानंतर यंत्र शांत होईपर्यंतचा, आणि दोन्ही मिलिसेकंदांत असतात. त्याच यादीत क्रमांक १०१, १०२ आणि १०३ च्या नोंदी असतील, तर नेहमीपेक्षा अधिक वेळ घेणारा प्रोग्राम, ड्रायव्हर किंवा सर्व्हिस यांची नावे अनुक्रमे त्यांत मिळतील.

हे सर्व होईपर्यंत काहीही दुरुस्त करू नये, आणि महत्त्वाच्या फाईलींची प्रत दुसऱ्या ठिकाणी नसेल तर ती मात्र आजच करून ठेवावी.

निळीशाई

सांगितल्याप्रमाणे 'रीस्टार्ट' करून मोजले. बायॉसचा वेळ १४ सेकंद आला. फिरणारे ठिपके सव्वादोन मिनिटे होते, पासवर्डपासून डेस्कटॉपपर्यंत ७० सेकंद लागले आणि त्यानंतर फाईल नीट उघडेपर्यंत तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ गेला. क्रमांक १०० च्या नोंदीत 'मेन पाथ' साधारण २,०५,००० आणि 'पोस्ट बूट' साधारण १,९०,००० असे आकडे आहेत, म्हणजे स्टॉपवॉचशी ते जुळतात.

क्रमांक १०१ ते १०३ च्या नोंदी मात्र गोंधळात टाकणाऱ्या आहेत. एका दिवशी प्रिंटरच्या प्रोग्रामचे नाव आहे, दुसऱ्या दिवशी विंडोजच्या शोधसेवेचे, तिसऱ्या दिवशी आवाजाच्या ड्रायव्हरचे. एकच नाव सलग येत नाही. आणखी एक गोष्ट दिसली: टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये या संपूर्ण वेळात डिस्क १०० टक्के व्यग्र दाखवते, पण वाचनाचा वेग मात्र सेकंदाला १ ते २ एमबीच असतो. प्रोसेसर १० टक्क्यांच्या वर जात नाही, आणि ८ जीबीपैकी निम्म्याहून अधिक रॅम मोकळीच असते.

शून्यमात्रा

डिस्क १०० टक्के दिसणे हे विंडोज १० मध्ये सर्रास आढळते. 'सिस्‌मेन' ही सर्व्हिस, जिचे नाव पूर्वी सुपरफेच होते, आणि 'विंडोज सर्च' या दोन्ही बंद करून पाहाव्यात. त्याशिवाय विंडोजच्या फोल्डरमधील 'प्रीफेच' फोल्डर रिकामे करावे आणि 'सिस्टम कॉन्फिगरेशन'मधील 'बूट' टॅबमध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या कमाल करावी. या उपायांची शिफारस अनेक व्हिडिओंमध्ये केलेली असते.

तारायंत्र

शून्यमात्रा यांच्या चार सूचनांपैकी पहिल्या दोन तात्पुरत्या चाचणीसाठी ठीक आहेत. जुन्या हार्ड डिस्कवर शोधसूची तयार होत असताना खरोखरच कोंडी होते, आणि या सर्व्हिसेस बंद केल्याने यंत्राला इजा होत नाही. उरलेल्या दोन सूचना मात्र सोडून द्याव्यात. 'प्रीफेच' फोल्डरमध्ये कोणत्या फाईली कोणत्या क्रमाने लागतात याची टिपणे असतात आणि त्यांच्या आधारे विंडोज सुरुवातीचे वाचन आखते. ते रिकामे केले की पुढचे काही बूट, म्हणजे यंत्र सुरू होण्याच्या खेपा, उलट अधिक सावकाश होतात. प्रोसेसरच्या संख्येची ती चौकट चाचणीसाठी संख्या कमी करण्याकरिता आहे. तिला हात लावला नाही तर विंडोज सर्व प्रोसेसर वापरतेच.

आता निळीशाई यांच्या आकड्यांकडे वळू या, कारण त्यांत बरेच काही उघड झाले आहे. बायॉसचे १४ सेकंद जुन्या यंत्रासाठी फारसे वावगे नाहीत. रॅम मोकळी आहे, त्यामुळे ती वाढवून काही साधणार नाही. प्रोसेसर रिकामा बसला आहे. विलंब कोणत्याही एका टप्प्यात नाही, विंडोज सुरू झाल्यापासून तो सर्वत्र पसरलेला आहे, आणि दोषी ठरणारे नाव दररोज बदलते. जेव्हा रोज नवा आरोपी सापडतो, तेव्हा ते सर्व ज्या वाटेने जातात ती वाट तपासावी. इथे ती वाट म्हणजे डिस्क.

५४०० आरपीएमची डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला भाग हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, आणि हेड योग्य जागी सरकण्यासाठी लॅपटॉपच्या डिस्कमध्ये साधारण १२ मिलिसेकंद. अशा रीतीने विखुरलेल्या प्रत्येक वाचनाला १७-१८ मिलिसेकंद पडतात आणि एका सेकंदात जेमतेम ५०-६० वाचने होतात. बूट होताना वाचन असेच विखुरलेले, छोट्या तुकड्यांचे असते. त्यामुळे वेग १-२ एमबी दिसणे, ही एकटी गोष्ट डिस्क बिघडल्याचा पुरावा ठरत नाही. निरोगी हार्ड डिस्कही अशा कामात रखडते. परंतु तीच डिस्क पूर्वी दोन मिनिटांत काम करत होती आणि आता मध्येच थिजते, ही गोष्ट वेगळी आहे.

म्हणून आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या आलेखाखाली 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' असतो. तो २०, ५०, गर्दी असेल तर अगदी १०० मिलिसेकंदांपर्यंत समजण्यासारखा आहे. पण तो वारंवार हजाराच्या आसपास जात असेल तर डिस्क एकच जागा पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करत असण्याची दाट शक्यता आहे. दुसरे, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'विंडोज लॉग्ज'खालील 'सिस्टम' या यादीत 'डिस्क' या स्रोताच्या क्रमांक ७ किंवा १५३ च्या नोंदी आहेत का ते पाहावे. क्रमांक ७ खराब ब्लॉकची नोंद असते आणि १५३ म्हणजे वाचन किंवा लेखन पुन्हा करावे लागल्याची. तिसरे, क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रामने डिस्कची 'स्मार्ट' माहिती (डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या नोंदी) वाचावी आणि ०५, सी५, सी६ व सी७ या चार ओळींचे आकडे इथे द्यावेत.

निळीशाई

'रिस्पॉन्स टाइम' सुरुवातीच्या काळात ९०० ते २,५०० मिलिसेकंदांच्या दरम्यान उड्या मारतो. 'सिस्टम' यादीत क्रमांक १५३ च्या बऱ्याच नोंदी आहेत आणि ७ च्याही काही आहेत. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळ्या रंगात 'कॉशन' दिसते. ०५ च्या ओळीत शेवटी २८, सी५ च्या ओळीत बी८, सी६ च्या ओळीत काही अंक आणि सी७ च्या ओळीत सर्व शून्ये आहेत. बी८ या आकड्याचा अर्थ मला लागला नाही.

तारायंत्र

हा प्रोग्राम मूळ आकडे षोडशमान पद्धतीत दाखवतो. सेटिंगमध्ये ते दशमान करता येतात. बी८ म्हणजे १८४ आणि २८ म्हणजे ४०.

सी७ शून्य आहे ही चांगली बाब, कारण ती ओळ डिस्क आणि बोर्ड यांच्यामधील संदेशवहनाच्या चुका मोजते. काही लॅपटॉपमध्ये डिस्क एका पातळ पट्टीसारख्या केबलने जोडलेली असते. ती केबल झिजली तरी अगदी अशीच लक्षणे दिसतात आणि लोक विनाकारण डिस्क बदलतात. तुमच्या बाबतीत केबलवर संशय घेण्याचे कारण नाही. ०५ म्हणजे खराब ठरवून ज्यांच्याऐवजी राखीव जागा वापरात आणल्या, असे सेक्टर (डिस्कवरचे माहिती साठवण्याचे छोटे कप्पे). सी५ म्हणजे जे वाचता येत नाहीत, पण ज्यांचा अंतिम निर्णय अजून झालेला नाही, असे सेक्टर. तुमच्या डिस्कवर असे १८४ आहेत. विंडोजला लागणारी एखादी फाईल अशा सेक्टरवर असेल तर डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचत राहते आणि तोपर्यंत मागची सगळी कामे रांगेत ताटकळतात. मोठी फाईल उघडताना तुम्हाला जो थिजल्याचा अनुभव येतो, तोही बहुधा याच कारणाने येतो.

थोडक्यात, प्रश्न आता वेगाचा राहिलेला नसून तुमच्या फाईलींचा झाला आहे.

या अवस्थेत काय करू नये, तेही स्पष्टपणे लिहितो. 'चेक डिस्क'ची खराब सेक्टर शोधणारी पूर्ण तपासणी आत्ता चालवू नये. ती संपूर्ण १ टीबी डिस्क वाचते, कित्येक तास चालते आणि डगमगत असलेल्या डिस्कवर सर्वाधिक ताण नेमका तेव्हाच येतो. डीफ्रॅगमेंटेशन करू नये. याच डिस्कवर विंडोज नव्याने टाकू नये. तसे केल्यास काही दिवस बरे वाटेल आणि मग मूळ दुखणे परत येईल. आधी स्वतःच्या लेखनाची फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवावीत, सर्वांत अमूल्य ते सर्वांत आधी. एखादी फाईल अडली तर तिच्याशी झुंजत बसू नये, ती वगळून पुढे जावे. अडलेल्या फाईली अत्यावश्यक असतील तर लिनक्स या मोफत कार्यप्रणालीवर जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचे साधन आहे. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलते, अवघड जागा नंतरसाठी ठेवते आणि कुठपर्यंत काम झाले याची नोंद एका फाईलमध्ये ठेवते.

उंबरठा

एक शंका विचारतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आठ वर्षांच्या यंत्रात नवी डिस्क घालण्यापेक्षा यंत्रच बदलणे अधिक शहाणपणाचे नाही का?

तारायंत्र

शंका रास्त आहे, पण दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क घालावी. ती वाया जात नाही: उद्या लॅपटॉप बदलला तरी तीच यूएसबी आवरणात घालून बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट ही यूईएफआयमधील सुरक्षेची सोय, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी मुख्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते. आठ वर्षांचे यंत्र नेमके या सीमारेषेवर येते, त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या 'पीसी हेल्थ चेक'ने ते आधी तपासून घ्यावे. ते बसत नसेल आणि काम लेखन-मुद्रितशोधनाचेच असेल, तर एखादी हलकी लिनक्स आवृत्ती हा माझ्या मते उत्तम पर्याय आहे. मात्र तुमची लेखनाची साधने आणि फॉन्ट तिथे नीट चालतात का, हे पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून आधी पाहावे. अपडेट न मिळणारी प्रणाली इंटरनेटला जोडून ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही.

खटपट्या

एसएसडी घेताना पाहायच्या गोष्टी मी लिहितो. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा (जोडणीचा एक प्रकार) डिस्क असते आणि त्या आकाराची एसएसडी सहसा ७ मिलिमीटर जाडीची असते. जुना खण साडेनऊ मिलिमीटरचा असेल तर मधली जागा भरण्यासाठी चौकट लागते, नाहीतर ती हलते. यंत्रात एम.२ ची (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची) जागा दिसली म्हणून लगेच एनव्हीएमई (साटाहून नव्या, वेगवान जोडणीची) एसएसडी घेऊ नये. काही यंत्रांतील ही जागा केवळ साटा प्रकारची असते, आणि काही जुन्या यंत्रांत एनव्हीएमई डिस्क दिसते पण तिच्यावरून बूट होत नाही. यंत्राच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हे लिहिलेले असते.

त्याहून जुन्या यंत्रांत साटाची दुसरी पिढी असू शकते, जिची मर्यादा सेकंदाला सुमारे ३०० एमबी आहे. त्यामुळे नाउमेद होण्याचे कारण नाही. बूट होताना मोठा सलग वेग लागतच नाही, छोट्या वाचनांना चटकन उत्तर लागते. हार्ड डिस्कला जिथे १७-१८ मिलिसेकंद लागतात तिथे एसएसडीला एका मिलिसेकंदाचा अंश पुरतो. खरा फायदा त्यात आहे. सीडीच्या जागी चौकट बसवून तिच्यात एसएसडी घालण्याची टूम अनेक ठिकाणी दिसते, पण बूटची डिस्क मुख्य खणातच ठेवावी, कारण काही यंत्रांत तो दुसरा मार्ग अधिक मंद असतो.

विंडोज टाकण्यापूर्वी बायॉसमध्ये साटाची पद्धत 'एएचसीआय' आहे याची खात्री करावी. विंडोज टाकून झाल्यावर ती अचानक बदलली तर निळा पडदा येऊन यंत्र सुरूच होत नाही. डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल, तर बायॉसला हात लावण्यापूर्वी त्याची रिकव्हरी की दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवावी. आणि निळीशाई यांच्या बाबतीत जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत न करता कोरी विंडोज टाकावी, कारण खराब सेक्टरवरच्या प्रणालीच्या फाईली शाबूत आहेत याची हमी नाही.

स्वल्पविराम

धागा वाचून मीही मोजले. माझी अडचण उलट आहे. एसएसडी आहे, विंडोज दहा-बारा सेकंदांत येते, पण त्याआधी बोधचिन्हावरच यंत्र ५० सेकंद अडून बसते.

तारायंत्र

मग विंडोजमध्ये शोधू नका. सर्व यूएसबी साधने, मेमरी कार्ड आणि डॉक काढून पुन्हा मोजावे. बाहेरची एखादी बिघडलेली डिस्क ओळखण्यात बायॉसचा बराच वेळ जातो. त्यानंतर बूटच्या क्रमात नेटवर्कवरून बूट करण्याचा पर्याय पहिला आहे का ते पाहावे. तो पहिला असेल तर यंत्र दर वेळी नेटवर्कवर सर्व्हर शोधते आणि तो सापडत नाही म्हणून कंटाळून पुढे जाते. घड्याळ वारंवार मागे जात असेल तर बोर्डवरची छोटी बॅटरी संपली आहे असे समजावे. ती संपली की बायॉसची सेटिंग मूळपदावर जातात आणि तुम्ही बदललेला बूटचा क्रमही त्यांच्याबरोबर जातो.

स्वल्पविराम

नेटवर्क बूट पहिल्या क्रमांकावर होते. ते बंद केले आणि बोधचिन्ह आता नऊ सेकंदांत जाते. आभारी आहे.

मध्यरात्र

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी पुरवणी जोडतो. सिस्टमडी (बूट होताना सेवा सुरू करणारी व्यवस्था) असलेल्या वितरणांत टर्मिनलवर 'सिस्टमडी-ॲनलाइझ' ही आज्ञा दिली की फर्मवेअर, लोडर, कर्नल आणि युजरस्पेस यांचे वेळ वेगवेगळे मिळतात. तिलाच 'ब्लेम' जोडले तर प्रत्येक सेवेचा वेळ उतरत्या क्रमाने दिसतो. पण त्या यादीतील पहिले नाव म्हणजे गुन्हेगार, असे समजू नये, कारण अनेक सेवा समांतर चालतात आणि त्यांच्यासाठी कोणी थांबलेले नसते. 'क्रिटिकल-चेन' हा पर्याय खरी अडवणूक दाखवतो. बूट जर जवळपास बरोबर दीड मिनिट अडत असेल, तर डिस्कच्या जोडणीच्या यादीत, म्हणजे एफएसटॅब फाईलमध्ये, आता अस्तित्वात नसलेल्या एखाद्या विभाजनाची नोंद बहुधा उरलेली असते. सिस्टमडी त्या विभाजनाची ठरावीक ९० सेकंद वाट पाहते. डिस्क बदलल्यावर किंवा स्वॅप पुन्हा तयार केल्यावर हे हमखास होते, आणि ती एक ओळ सुधारली की काम भागते.

शून्यमात्रा

तारायंत्र यांना एक प्रश्न आहे. डिस्क निरोगी, 'स्मार्ट' स्वच्छ, तरीही डेस्कटॉप आल्यावर यंत्र जड वाटते, असे झाले तर?

तारायंत्र

तेव्हा प्रोसेसरकडे पाहावे. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्के आणि त्याचा वेग अर्ध्या-पाऊण गिगाहर्ट्झवर अडकलेला दिसला, तर एकतर यंत्र तापले आहे किंवा लॅपटॉपने चार्जर ओळखलेला नाही. काही यंत्रे अनोळखी चार्जर लावल्यावर मुद्दाम संथ चालतात. वेग योग्य असेल तर 'सिस्टम कॉन्फिगरेशन'मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवून उरलेल्या बंद कराव्यात आणि 'रीस्टार्ट' करून मोजावे. फरक पडला तर त्या निम्म्या-निम्म्या चालू करत दोषी सर्व्हिस गाठता येते.

आणखी एक शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे आठवड्यातून एकदाच उघडला जाणारा लॅपटॉप. आठवडाभराची अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी, शोधसूचीचे नूतनीकरण आणि क्लाउडमधील फाईलींची जुळवाजुळव ही सर्व कामे त्या पहिल्या अर्ध्या तासात एकदम अंगावर येतात. अशा यंत्रात बिघाड नसतो. ते अधूनमधून चार्जरला लावून दोन तास नुसते चालू ठेवले तरी पुरते.

निळीशाई

काम पूर्ण झाले, म्हणून आकडे देते. लेखनाची सर्व फोल्डर उतरवता आली. तीन फाईली अडल्या, पण त्यांच्या प्रती मेलमध्ये होत्या. अडीच इंची साटा एसएसडी बसवली. यंत्र विंडोज ११ च्या यादीत बसत होते, त्यामुळे तीच कोरी टाकली. पहिल्या दिवशी डिस्क बराच वेळ व्यग्र दिसत होती. तारायंत्र यांनी वर लिहिलेल्या कारणाने ते होत असावे असे समजून संध्याकाळभर यंत्र चालू ठेवले. आता 'रीस्टार्ट'नंतर बायॉस १४ सेकंद, ठिपके ११ सेकंद, डेस्कटॉपपर्यंत ५ सेकंद, आणि त्यानंतर फाईल लगेच उघडते. 'रिस्पॉन्स टाइम' एक-दोन मिलिसेकंदांच्या वर क्वचितच जातो.

दोन प्रश्न उरले. एसएसडीवर 'फास्ट स्टार्टअप' चालू ठेवावे का? आणि जुनी डिस्क पूर्ण फॉरमॅट केल्यावर सी५ चा आकडा शून्य झाला आहे, तर ती बॅकअपसाठी वापरता येईल का?

तारायंत्र

'फास्ट स्टार्टअप'ने आता फार तर काही सेकंद वाचतील. मी ते बंद ठेवण्याच्या बाजूचा आहे, कारण बारीकसारीक अडचणी 'शट डाउन'नेच सुटाव्यात अशी आपली अपेक्षा असते आणि ती सोय चालू असताना तसे होत नाही. त्याच डिस्कवर लिनक्सही ठेवणार असाल तर ते बंद करणे आवश्यकच आहे. अर्धवट झोपलेल्या विंडोजच्या विभाजनावर दुसऱ्या प्रणालीने लिहिणे धोक्याचे असते.

जुन्या डिस्कच्या बाबतीत माझे उत्तर 'नाही, वापरू नये' असेच आहे. पूर्ण फॉरमॅट करताना विंडोज प्रत्येक सेक्टरवर शून्ये लिहिते. त्या वेळी जे सेक्टर पुन्हा वाचनीय झाले ते सी५ मधून वगळले गेले आणि जे झाले नाहीत ते ०५ मध्ये गेले. ०५ चा आकडा आता वाढला आहे का ते पाहा.

निळीशाई

०५ चा आकडा ४० होता, तो आता १३१ आहे. डिस्क बाजूला काढून ठेवली. बूटच्या क्रमात नेटवर्क माझ्याकडेही पहिले होते. ते बंद केल्यावर बायॉसचे १४ सेकंद होते ते ८ झाले.